पेटी उघडण्याचा हक्क

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा आधार थांबविला. त्या दिवशी परभणी जिल्ह्यातील एकाही संगणकात या कारणाने बिघाड झाला नाही. आदल्या रात्री चालत असलेली यंत्रे दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच चालू होती. परंतु सुरक्षेसाठी वेळोवेळी मिळणाऱ्या दुरुस्त्या त्या तारखेपासून बंद झाल्या. पुढची प्रणाली जी विंडोज ११, तिच्या दाराशी तर अटींचा पहाराच बसविलेला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडचा, म्हणजे ढोबळमानाने २०१७ नंतरचा, प्रोसेसर असेल तरच आत प्रवेश. त्यापूर्वीचे यंत्र कितीही धडधाकट असो, कंपनीच्या लेखी ते निकालात निघाले. शेतकऱ्याचा चांगला चालता बैल, केवळ त्याच्या जातीची झूल आता शिवली जात नाही म्हणून, कसायाकडे पाठवावा, तसा हा प्रकार झाला.

या निर्णयाविरुद्ध जिल्ह्यात कोठे सभा झाली नाही की निवेदन गेले नाही. ज्यांना तो सर्वांआधी कळला आणि मनापासून झोंबला, ते राजकीय कार्यकर्ते नव्हते, प्राध्यापकही नव्हते. ती होती संगणकाचे वेड लागलेली पोरे. असा एखादा तरुण सेलूला असतो, जिंतूरला असतो, गंगाखेडला असतो. परभणी शहरात तर प्रत्येक पेठेत असतो. घरची शेती चार-पाच एकरांची किंवा वडिलांची नोकरी लहानशी. शिक्षण अभियांत्रिकीचे असेलच असे नाही. पण गल्लीतल्या कोणाचाही संगणक बंद पडला की पहिली हाक त्याला जाते. अशा तरुणाची मते मोठी ठाम असतात. यंत्र तयार विकत घेऊ नये, भाग आणून स्वतः जुळवावे, हे त्याचे पहिले मत. खेळ मनसोक्त खेळावेत, पण पैसे लावून खेळू नये, हे दुसरे. आणि वस्तू जेथे स्वस्त मिळेल तेथे घ्यावी, मग ती दुकानात असो वा ऑनलाइन, हे तिसरे. शहाणीसुरती माणसे ही मते पोरखेळ समजून सोडून देतात. वस्तुतः त्यातील पहिल्या दोन मतांत एका फार जुन्या आणि फार गंभीर प्रश्नाचे बीज आहे, आणि तिसऱ्या मतात तो प्रश्न विसरून जाण्याची वाट आहे.

यंत्र स्वतः जुळविण्याचा आग्रह हा केवळ हौसेचा भाग नाही. परभणीच्या हवामानाचाच तो धडा आहे. येथे उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पलीकडे जातो. मानवत, सेलू ही कापसाची गावे. तेथल्या हवेत हंगामात धूळ आणि कापसाचे तंतू एकत्र तरंगत असतात. पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता शोषणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत हा लेप बसला की प्रोसेसर तापतो, आपली गती आपणच कमी करतो, आणि शेवटी यंत्र स्वतःहून बंद पडते. मालकाला वाटते, संगणक गेला. जाणता मुलगा झाकण काढतो, ब्रशने धूळ झाडतो, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावतो, आणि यंत्र पुन्हा सुरळीत चालू लागते. विजेचा दाब वरखाली होण्याची रड आहेच. म्हणून हा तरुण इतर कशातही काटकसर करील, पण एसएमपीएस आणि यूपीएस यांत करणार नाही. जाहिरातीत कोणत्याही कंपनीने सांगितलेले नसते असे हे ज्ञान आहे. ते या मातीत, या उन्हात, पेटी उघडूनच मिळालेले आहे.

आणि पेटी उघडता येणे हीच खरी गोम आहे. मेजावरच्या संगणकाचा प्रत्येक भाग सुटा असतो. रॅम कमी पडली तर वाढवावी, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांनी पैसे जमल्यावर घ्यावे. गरिबाचे घर जसे एकेक खोली वाढत जाते, तसा हा संगणक वाढत जातो. उलट आज बाजारात येणाऱ्या अनेक पातळ, देखण्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच डाखलेली असते. ती वाढविता येत नाही, आणि बिघडली तर मदरबोर्डच बदलावा लागतो. मोबाईलची बॅटरी पूर्वी नखाने निघत असे. आता ती चिकटवून बंद केलेली असते. वस्तू विकली गेली, पैसे चुकते झाले, तरी तिच्यावरची कंपनीची पकड सुटत नाही. मग ग्राहकाने विकत घेतले ते नेमके काय?

हा प्रश्न भारतात पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि तो समाजवाद्यांनीच विचारला होता. आयबीएम ही अमेरिकन कंपनी त्या काळी आपली जुनी, परदेशांत कालबाह्य ठरलेली यंत्रे डागडुजी करून भारतात भाड्याने देत असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे परकीय भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचा आग्रह जनता सरकारने धरला. उद्योगमंत्री होते समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस. कंपनीने अट मानली नाही आणि १९७८ साली तिने येथला गाशा गुंडाळला. या घटनेची आज थट्टाच अधिक होते. पण तिचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. आयबीएमची देशभर बसविलेली यंत्रे मागे राहिली होती, आणि ती चालती ठेवण्याचे काम एका सार्वजनिक कंपनीने अंगावर घेतले. तिचे नाव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. ‘मेंटेनन्स’ हा शब्द तिच्या नावातच होता! दुरुस्ती आणि देखभाल हे राष्ट्रीय महत्त्वाचे काम आहे, असे मानणारी एक वेळ या देशात होती. त्याच सीएमसीच्या अभियंत्यांनी पुढे रेल्वेच्या आरक्षणाची संगणकव्यवस्था उभी केली. ती १९८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाली आणि मग देशभर पसरली. परभणीच्या स्थानकावर खिडकीपाशी उभे राहून मुंबईचे किंवा सिकंदराबादचे तिकीट काढणारा प्रत्येक माणूस त्या कामाचा धनको आहे. २००१ साली सरकारने या कंपनीची सूत्रे टाटांच्या हाती दिली. २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन होऊन तिचे नावही उरले नाही.

अर्थात डाव्या आणि समाजवादी चळवळींनी संगणकाबाबत घेतलेली प्रत्येक भूमिका बरोबर होती, असे म्हणण्याचे कारण नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात, आणि पुढे बँकांत, संगणकाला जो विरोध झाला, त्याची सारी भिस्त कारकुनांच्या नोकऱ्यांवर होती. ती चिंता खोटी नव्हती. परंतु यंत्र येऊ द्यावे की न द्यावे, एवढ्याच एका प्रश्नाभोवती वाद फिरत राहिला. यंत्र येणारच असेल तर त्याच्यावर ताबा कोणाचा, ते समजण्याची आणि सुधारण्याची विद्या कोणाच्या हाती, हा अधिक मोलाचा प्रश्न मागे पडला. यंत्र तर आलेच. मग ‘आम्ही विरोध केला होता’ एवढे समाधान उरले, आणि त्या समाधानाचा परभणीतल्या मुलाला काडीचाही उपयोग नाही.

१९९७ साली भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या सुट्या भागांवरील आयातकर शून्यावर आणला. देशातील हार्डवेअर उद्योगाला त्यामुळे उभे राहण्यास जागाच उरली नाही, ही टीका रास्त आहे. पण येथे संगणकवेड्या तरुणाचेही ऐकले पाहिजे. तो म्हणेल, कर शून्य झाला नसता तर पाथरीसारख्या गावात ग्राफिक्स कार्ड कधी पोहोचलेच नसते. तेही खरे आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, तेव्हा एकीची फुशारकी मारून दुसरी झाकणे हे प्रचारकाचे काम झाले. स्वस्ताई आली, तिच्या पोटात परावलंबनही आले. त्या परावलंबनाचे बिल कधी ना कधी येणारच होते.

ते २०२५ च्या अखेरीस आले. जगातील रॅमच्या चिपांचे बहुतेक उत्पादन तीन कंपन्यांच्या हाती आहे : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी अवाढव्य संगणक-केंद्रे उभी राहत आहेत, त्यांना लागणारी रॅम बनविण्यात अधिक नफा आहे. तेव्हा या कंपन्यांनी आपले उत्पादन तिकडे वळविले आणि घरगुती संगणकाच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसायच बंद करीत असल्याचे जाहीर केले. ‘क्रुशल’ची रॅम आणि एसएसडी म्हणजे जुन्या यंत्रात नवा जीव ओतू पाहणाऱ्या लहान गावांतील कारागिरांचा भरवशाचा माल. याच मायक्रॉनच्या गुजरातमधील साणंद येथील कारखान्याला २०२३ साली मंजुरी मिळाली, तेव्हा प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के रक्कम केंद्र सरकारने आणि २० टक्के गुजरात सरकारने देण्याचे ठरले होते. म्हणजे शंभरातले सत्तर रुपये जनतेचे. त्या सत्तर रुपयांबरोबर एखादी अट घालता आली नसती काय? देशातील सामान्य ग्राहकाला लागणारा माल अमुक प्रमाणात, वाजवी भावाने पुरवावा लागेल, एवढे लिहून घेण्यास कोणत्या शास्त्राची आडकाठी होती? साखर कारखान्याला भागभांडवल देताना सरकार शेकडो अटी घालते. चिपांच्या कारखान्यापुढे मात्र ते हात जोडून उभे राहते.

खेळांकडे वळावे तर तेथेही ताब्याचाच प्रश्न निराळ्या वेषात भेटतो.

संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. या तक्रारीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. वीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंटरनेट कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपये मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘व्हाइस सिटी’ खेळलेली मुलेच आज संगणक दुरुस्त करताना दिसतात. खेळ अडखळतो म्हणून ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय हे त्यांनी शोधले. दोन यंत्रे जोडून एकत्र खेळता यावे म्हणून नेटवर्क शिकले. इंग्रजी सूचना वाचून वाचून भाषाही थोडीफार आली. सरकारमान्य संगणक-अभ्यासक्रमांनी गेल्या पंचवीस वर्षांत लाखो प्रमाणपत्रे वाटली, पण त्यांत प्रामुख्याने शिकविले काय, तर एका कंपनीची प्रणाली व तिचे कार्यालयीन कार्यक्रम वापरण्याची रीत. पेटी उघडून दाखविण्याचे काम खेळांनी केले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढे ठेवला. खेळ हा नुसता व्यसनाचा नव्हे, निर्मितीचाही विषय होऊ शकतो, याची ती साक्ष आहे.

पण ज्याला ‘गेम’ म्हणून मोबाईलवर विकले गेले, ते पैशांचे रमी आणि तसले प्रकार यांचा खेळाशी संबंध नाव घेण्यापुरताच होता. संगणकवेडा तरुण या प्रकाराचा मनापासून तिरस्कार करतो आणि तो यथार्थ आहे. खऱ्या खेळात हरणारा पुढच्या वेळी अधिक चांगला खेळतो. या खेळात हरणारा पुढच्या वेळी अधिक पैसे लावतो. सरकारने कितीतरी वर्षे हे चालू दिले. इतकेच नव्हे, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आकारून त्यात आपला वाटाही काढला. सोयाबीनचा भाव पडलेला, पीक पावसाने गेलेले, आणि हातातल्या मोबाईलवर नामांकित नटाच्या तोंडून दिवसातून दहा वेळा निमंत्रण. अशा अवस्थेत कोणी त्या सापळ्यात सापडला तर दोष त्याच्या एकट्याच्या चारित्र्यावर टाकून मोकळे होता येत नाही. जुलै २०२५ मध्ये तर राज्याच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर विधान परिषदेच्या सभागृहातच रमीचा खेळ उघडलेला दिसल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे कृषिखाते काढून घेण्यात आले आणि त्यांना क्रीडाखाते देण्यात आले! विनोदी लेखकालाही हे सुचले नसते.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोहोचली आणि त्यांचे २०,००० कोटींहून अधिक रुपये बुडाले, हा अंदाज सरकारनेच त्या वेळी दिला. कायदा स्वागतार्हच होता. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, हेही अपेक्षितच. मात्र ज्यांचे पैसे गेले, ज्यांनी या पायी खासगी सावकाराचे कर्ज काढले, त्यांच्यासाठी त्या कायद्यात काही नाही. कर घेताना ज्या तत्परतेने हिशेब झाला, ती तत्परता येथे दिसली नाही.

निखळ करमणुकीच्या खेळांतही विकत घेतलेली वस्तू आपली राहत नाही, हे अलीकडे उघड झाले आहे. ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ लोकांनी पैसे देऊन घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि तो कोणाच्याच संगणकावर चालेना. त्यावर युरोपातील खेळाडूंनी मोहीम उभारली आणि दहा लाखांहून अधिक सह्या युरोपीय संघाच्या दारात नेऊन ठेवल्या. विंडोज १० च्या बाबतीतही तेच घडले. एक वर्षाची वाढीव सुरक्षा, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, कंपनीने काही अटींवर देऊ केली होती. युरोपातील ग्राहकसंघटनांनी आवाज उठविताच तेथील ग्राहकांपुरत्या त्या अटी सैल झाल्या. भारतात हा आवाज उठविण्यास कोणी नव्हते. एकेकटा कुरकुरणारा तरुण होता, संघटना नव्हती.

आता राहिले त्याचे तिसरे मत : स्वस्त तेथे घ्यावे.

या मताला तुच्छ लेखून चालणार नाही. ऑनलाइन खरेदी येण्यापूर्वी परभणीच्या मुलाला चांगले कार्ड किंवा मदरबोर्ड हवा असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड तरी गाठावा लागे, किंवा रात्रीची गाडी पकडून सिकंदराबादच्या संगणक-बाजारात उतरावे लागे. गावातला दुकानदार जे ठेवील ते, आणि सांगेल त्या भावाने घ्यावे लागे. जुना माल नवा म्हणून खपविण्याचे प्रकारही होत. फ्लिपकार्ट २००७ साली पुस्तके विकत सुरू झाली, अमेझॉन २०१३ साली भारतात आली, आणि हळूहळू सोनपेठ-पालमच्या मुलालाही पुण्याच्या मुलाइतकाच माल, त्याच भावाने, घरपोच मिळू लागला. ही समता लहान नव्हे. ज्याने मक्तेदार दुकानदाराची मनमानी भोगली आहे, त्याला या बदलाचे मोल कळते.

परंतु दुकान हे केवळ माल विकण्याचे ठिकाण नव्हते, ही गोष्ट या हिशेबातून सुटते. या तरुणाने स्वतः विद्या कोठे मिळविली? शाळेत नाही, महाविद्यालयात क्वचितच. ती मिळविली स्टेशन रोडवरच्या किंवा वसमत रोडवरच्या एखाद्या दहा बाय बाराच्या दुकानात. दुपारभर स्टुलावर बसून, मालकाला चहा आणून देत, स्क्रू वेचून ठेवत, चालू असलेली दुरुस्ती बघत बघत तो शिकला. कोणती रॅम कोणत्या खाचेत बसते, बीप तीनदा वाजला तर काय समजावे, मृत मदरबोर्ड कसा ओळखावा, हे त्या दुकानाने त्याला फी न घेता शिकविले. आज त्याच दुकानात गिऱ्हाईक ऑनलाइन मागविलेले खोके घेऊन येते आणि ‘फक्त बसवून द्या’ म्हणते. वर बसविण्याच्या मजुरीतही घासाघीस करते. माल विकण्यातला नफा गेला, दुरुस्तीवर पोट भरत नाही, म्हणून दुकानदार सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याच्या कामाला लागतो. स्टुलावर बसणाऱ्या पुढच्या मुलासाठी मग तेथे काही उरत नाही. पाचशे रुपये वाचले. त्यांच्या बदल्यात एक शाळा बंद झाली. ती शाळा होती हे कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदलेले नाही, एवढेच.

शिवाय हा सामना सारख्या वजनाच्या मल्लांचा नव्हता. वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत माल विकणाऱ्या दुकानदाराला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. पण त्याच दुकानदाराने ऑनलाइन बाजारपेठेतून एक नग जरी विकायचा ठरविला तर नोंदणी पहिल्या रुपयापासून सक्तीची होती. हा जाच १ ऑक्टोबर २०२३ रोजी सैल झाला, तोही आपल्या राज्याच्या हद्दीपुरता. दुसरीकडे, परकीय भांडवलाच्या या बाजारपेठांनी स्वतः माल विकू नये, केवळ इतरांना जागा द्यावी, असा नियम असताना त्या काही निवडक विक्रेत्यांनाच झुकते माप देतात, अशी तक्रार व्यापाऱ्यांनी केली, आणि स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा आदेश दिला. चौकशी कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षे रेंगाळली. तोवर किती दुकाने तग धरतील, याचा हिशेब आयोगाच्या कक्षेत येत नाही. खोकी गावोगाव पोहोचविणारा जो मोटारसायकलवरचा मुलगा, त्याला सामाजिक सुरक्षा संहितेत प्रथमच कामगार म्हणून काही नाव मिळाले. ती संहिता मंजूर झाली २०२० मध्ये आणि अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ ला. पाच वर्षे तो बिननावाचाच उन्हातान्हात हिंडत राहिला.

आणि स्वस्ताईचा हिशेब तरी पुरा असतो का? ऑनलाइन घेतलेले कार्ड महिन्याभरात बंद पडले की वॉरंटीसाठी ते मोठ्या शहरातल्या सेवाकेंद्राकडे कुरिअरने पाठवायचे, आणि महिनाभर वाट पाहायची. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी बाजारपेठेकडे, आणि बाजारपेठ आपल्या अटींकडे. या तरुणापैकी बहुतेक जण येथे हात टेकतात. वस्तुतः येथे कायदा त्यांच्या बाजूचा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता बेंगळुरूचा असो की दिल्लीचा, उत्तर त्याने परभणीत द्यायचे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. १९१५ या क्रमांकावर प्राथमिक मदतही मिळते. प्रोसेसरच्या प्रत्येक पिढीचा तपशील तोंडपाठ असलेल्या मुलाला हा तपशील माहीत नसतो, यात त्याचा दोष थोडा आणि ग्राहक-चळवळीचा अधिक आहे. तिने किराणा, गॅस आणि वजनमापे यांपलीकडे पाऊल टाकलेच नाही.

दुरुस्तीच्या हक्कासंबंधी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली एक समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले. त्यावर कंपन्या आपल्या दुरुस्तीच्या सोयी स्वखुशीने नोंदवितात. स्वखुशीने दिलेल्या हक्काला हक्क म्हणत नाहीत. सुटे भाग अमुक वर्षे, अमुक भावाने, कोणत्याही कारागिराला मिळालेच पाहिजेत. दुरुस्तीची माहिती दडवून ठेवता येणार नाही. आणि चालते यंत्र केवळ प्रणालीचा आधार काढून निकामी करणाऱ्या कंपनीने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे, असे कायद्यात लिहिले गेल्याखेरीज त्या संकेतस्थळाला अर्थ नाही.

पण दिल्लीत कायदा होईपर्यंत परभणीत काहीच करता येत नाही, असेही नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांत फार पूर्वीच लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली आणली. ती कोणालाही तपासता येते, बदलता येते, फुकट वाटता येते. ती जुन्या यंत्रावरही चालते आणि तिला कोणाच्या परवान्याची गरज लागत नाही. तेथील शिक्षकांनाच तिचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि वर्षानुवर्षे लाखो मुले तिच्यावर शिकली. परभणीच्या कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याने शेतीसाठी रोबोट आणि ड्रोन यांचे प्रकल्प झाले. तेथे यंत्रांना वाण नव्हती. वाण आहे ती जिल्हा परिषदेच्या शाळांत. जेथे जेथे विंडोज १० वर चालणारे संगणक कोपऱ्यात झाकून ठेवलेले असतील, तेथे तेथे आता निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होईल. तीन सह्या होतील, यंत्रे वजनावर भंगारात जातील आणि नव्या खरेदीची निविदा निघेल. त्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तालुक्यातला एक संगणकवेडा तरुण बोलवावा. त्याला दिवसाची रीतसर मजुरी द्यावी, एक ब्रश, थर्मल पेस्टची एक नळी आणि लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह द्यावा, आणि किती यंत्रे खरोखर मेली आहेत याचा लेखी दाखला त्याच्याकडून घेऊन तो प्रस्तावाला जोडावा.